बसलेली चांदी उकरू नका : इंदूरच्या दंतवैद्यांना खुलं पत्र

प्रति,
इंदूर शहरातील दंतवैद्य,
तसंच त्यांच्या शिबिरांना सभागृह देणारी मराठी मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात आमच्या भागात पुन्हा दंतशिबिर भरणार असल्याचा निरोप ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटावर आला आहे. तपासणी फुकट, पोहे-चहा फुकट, आणि खाली लाल ठळक अक्षरांत हिंदीत लिहिलंय : 'पुरानी चाँदी हटवाइए, पारे से मुक्ति पाइए'. ही चांदी म्हणजे किडलेल्या दाढेत भरलेलं चांदी-पाऱ्याचं जुनं भरण. त्याच दिवशी नाव नोंदवलं तर दातांच्या रंगाच्या फिलिंगवर सवलत. मागच्या शिबिरातून परतलेल्या काही जणांच्या तोंडाचं पुढे काय झालं ते मी पाहिलं आहे. त्यातलं एक तोंड माझ्या घरातलंच आहे. कार्यकारिणीतल्या एका सद्गृहस्थांना मी फोन केला, तर म्हणाले, "ताई, डॉक्टर सांगतायत म्हणजे काहीतरी असेलच ना." फोनवर एवढ्यावरच बोळवण झाली, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. मल्हारगंजाकडच्या एका जुन्या दवाखान्यात दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून मी नोकरीची सगळी वर्षं काढली. औजारं उकळायची, कापसाच्या वळ्या करायच्या, रडणाऱ्या पोराचं डोकं धरायचं आणि डॉक्टरांनी मान हलवली की चांदी घोटायची. आजच्या मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. काचेचा जाड खल असे. त्यात चांदी, कथील आणि तांब्याची पूड घ्यायची, वरून बाटलीतला पारा सोडायचा आणि घोटत राहायचं. वजनात जवळजवळ निम्मा पारा असायचा. चकचकीत लगदा झाला की तो मलमलच्या फडक्यात घेऊन पिळायचा, म्हणजे जादा पारा फडक्याबाहेर येऊन थेंबाथेंबाने वाटीत पडे. चिमटीत दाबल्यावर गोळा करकर वाजला की तो दाढेत जायच्या लायकीचा झाला. हातमोजे कसले? खिडकी उघडी असली तर नशीब. पाऱ्याचा एखादा थेंब फरशीवर पडला की त्याचे शंभर मणी होऊन फटींत शिरायचे, आणि आम्ही पोस्टकार्डाने ते गोळा करत बसायचो. पुढे बंद कॅप्सूल हलवून देणारं यंत्र आलं, तेव्हा खल माळ्यावर गेला.

हे सगळं सांगायचं कारण, पाऱ्याची वकिली मी करते आहे असं कोणाला वाटू नये. सुट्टा पारा दवाखान्यात ठेवायला आता जगाने बंदी घालायचं ठरवलं आहे, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं. नवीन चांदी भरणं थांबावं याला माझा पाठिंबाच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. वर्षानुवर्षं नीट बसलेली, न दुखणारी, न गळणारी चांदी तुम्ही भीती घालून उकरून काढता आहात, आणि त्यातून पेशंटचंही भलं होत नाही, तुमच्या दवाखान्यातल्या मुलींचंही नाही आणि शहराचंही नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची गोष्ट थोडक्यात सांगते. वय सत्तरीच्या पुढे. उजवीकडच्या खालच्या पहिल्या दाढेत चांदी होती, तीही आमच्याच दवाखान्यात भरलेली, म्हणजे मीच घोटलेली. त्या दाढेवर त्यांनी आयुष्यभर शेव खाल्ली, दिवाळीची कडबोळी फोडली, ऊससुद्धा सोलला. एकदाही तक्रार नाही. शिबिरात तरुण डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं, छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठ्या पडद्यावर दाखवला. आपलीच दाढ ताटाएवढी मोठी आणि मध्यभागी काळी दिसली तर कोणीही घाबरेल. "आजी, हा पारा आहे, रोज पोटात जातोय," असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात एका बैठकीत तीन दाढांची चांदी काढून पांढरं भरण केलं. पहिल्या रात्रीपासून त्या दाढेत गार पाण्याची कळ. मग चावताना कळ. मग रात्रीचा ठणका. शेवटी रूट कॅनाल आणि वर कॅप. पैसे मुदत ठेव मोडून भरले, मुलाला कळू न देता.

दोन्ही बिलं मी पाहिली. पहिल्यावर लिहिलंय '४६, ४७, ३६ : कॉम्पोझिट', म्हणजे तेच पांढरं भरण, आणि रक्कम. दुसऱ्यावर '४६ : आरसीटी, क्राउन', आणि त्याहून मोठी रक्कम. जाऊबाईंना वाटत होतं ४६ हा त्यांचा नंबर असेल, टोकनचा. ४६ म्हणजे उजवीकडची खालची पहिली दाढ, हे त्यांना मी सांगितलं. काढण्याआधीचा एक्स-रे मागितला, तर काढलाच नव्हता. आणि का काढलं, याचं कारण कुठल्याही कागदावर एका शब्दाने लिहिलेलं नाही.

आता माझे आक्षेप. तुमच्यापैकी बरेच जण असं करत नाहीत हे मला माहीत आहे. त्यांनी रागावू नये, उलट माझ्या बाजूने बोलावं.

पहिला आक्षेप कराराच्या नावाने घातलेल्या भीतीवर आहे. शिबिरात सांगितलं गेलं की आंतरराष्ट्रीय करार झालाय, चांदी बंद होणार आहे, तेव्हा तोंडातली आत्ताच काढून घ्या. करार झाला आहे हे खरं. जपानमधल्या ज्या मिनामाताच्या उपसागरात कारखान्याने पाऱ्याचं सांडपाणी सोडलं आणि तिथले मासे खाऊन माणसं लुळी पडली, त्याच गावाचं नाव कराराला दिलं आहे. तो २०१३ मध्ये मान्य झाला, ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मंजुरी दिली. २०२२ मध्ये देशांनी आणखी दोन गोष्टी ठरवल्या. दंतवैद्यांना सुट्टा पारा वापरू द्यायचा नाही. आणि दुधाचे दात, पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्यासाठी चांदी वापरायची नाही, निदान वापरू नका असं सांगायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत दातांतल्या चांदीचा वापर २०३४ पर्यंत थांबवायचं ठरलं. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून, काही वैद्यकीय अपवाद सोडून, ती बंदच केली. हे सगळे निर्णय नवीन चांदी भरण्याविषयी आहेत. आधीपासून तोंडात असलेली, चांगल्या अवस्थेतली चांदी उकरा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

उलट सांगणारे मात्र आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सूचना काढली. गरोदर आणि पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मज्जासंस्थेचा आजार असलेले, मूत्रपिंडं कमजोर असलेले, पाऱ्याची ॲलर्जी असलेले, यांनी शक्यतो नवीन चांदी टाळावी असं त्यात म्हटलं. आणि त्याच सूचनेत पुढे हेही म्हटलं की चांगल्या अवस्थेतली चांदी वैद्यकीय गरज असल्याशिवाय काढू नये, कारण काढताना पाऱ्याची वाफ तात्पुरती वाढते आणि दाताचा निरोगी भागही जातो. पहिलं अर्धं वाचून पत्रक छापायचं आणि दुसरं अर्धं गिळायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

चावताना चांदीतून थोडी वाफ निघते, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तपासण्या झाल्या. अमेरिकेत ५३४ आणि पोर्तुगालमध्ये लिस्बनला ५०७ मुलांचे दोन अभ्यास २००६ मध्ये छापून आले. अर्ध्या मुलांना चांदी भरली, अर्ध्यांना पांढरं भरण, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती, नसांचं काम तपासत राहिले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा जास्त सापडला. पण मेंदू-मज्जेच्या कामात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे दोन्ही सांगा ना पेशंटला! सत्तरीच्या बाईला एवढंही समजत नाही असं कशाला धरून चालायचं?

दुसरा आक्षेप कारण न लिहिण्यावर. चांदी बदलायची खरी कारणं असतात आणि ती मी आमच्या डॉक्टरांच्या तोंडून रोज ऐकली आहेत. चांदीखाली नवी कीड शिरली. चांदी तुटली, किंवा दाढेलाच चीर गेली. कड उघडी पडून अन्न अडकायला लागलं. गालाच्या आतल्या बाजूला चांदीला लागूनच पांढरट, चुरचुरणारा चट्टा उठला. यातलं काही असेल तर जरूर काढा. पेशंटलाच हसताना दिसणारी काळी दाढ नको असेल आणि धोके समजून घेऊन तो बदलायला तयार असेल, तरी माझी हरकत नाही, पैसा त्याचा आणि तोंडही त्याचं. पण चांदी काळी पडली म्हणजे कीड नव्हे. दात करडा दिसला म्हणजेही कीड नव्हे. चांदी गंजते आणि त्या गंजामुळेच चांदी आणि दाताच्या मधली फट हळूहळू बुजत जाते, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं आहे. कड थोडी झिजली असेल तर घासून, पॉलिश करून किंवा तेवढीच दुरुस्त करून भागतं. पडद्यावर काळा रंग दाखवून पेशंटला 'खराब झालंय' असं सांगणं सोपं आहे. एक्स-रे काढून, टोकदार सळईने कड चाचपून 'काही झालेलं नाही' असं सांगायला वेळ लागतो आणि त्याचं बिल होत नाही.

तिसरी गोष्ट पांढऱ्या भरणाची. त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. माझ्या स्वतःच्या पुढच्या दाताला तेच आहे आणि छान आहे. समोरच्या दातांना, नव्या छोट्या किडीला त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण ते दाताला चिकटतं आणि त्यामुळे दात कमी कोरावा लागतो. पण जुनी चांदी काढल्यावर तो फायदा कुठे राहतो? चांदी चिकटत नाही, म्हणून तिच्यासाठी दाढ आधीच खोल, पेटीसारखी कोरलेली असते. आता तीच मोठी पेटी पांढऱ्या मालाने भरायची, आणि काढताना आणखी थोडी मोठी करून. दर वेळी भरण बदललं की दात थोडा कमी होतो. दोन-तीन फेऱ्यांत मामला दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतो. जाऊबाईंच्या बाबतीत एकाच फेरीत पोचला.

शिवाय ते भरण हातकसबीचं आहे. आधी फॉस्फरिक ॲसिडची जेल लावायची, धुवायची, बेताने सुकवायचं, मग बाँडिंग म्हणजे चिकटवणारं द्रव, मग साधारण दोन मिलिमीटरचा एक-एक थर आणि प्रत्येक थरावर निळा दिवा. यात कुठे लाळेचा ओलावा शिरला, हिरडीतून रक्त आलं की पकड गेलीच. घट्ट होताना तो माल किंचित आकसतो, त्यामुळे घाईने एकदम जाड थर भरला तर कडेला फट राहू शकते. खालची दाढ, मागे सरकणारी जीभ, फार वेळ तोंड उघडं ठेवता न येणारी म्हातारी बाई, आणि रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा) नाही, फक्त कापसाच्या दोन वळ्या : अशा वेळी एका बैठकीत तीन दाढा! आमचे डॉक्टर एका दाढेला जेवढा वेळ देत तेवढ्यात तिघी उरकल्या. चांदीची एक गंमत होती, थोडा ओलावा ती सहन करायची. म्हणून तर गरिबाच्या दाढेत ती इतकी वर्षं टिकली. वैद्यकीय अभ्यास ताडून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा मागच्या दातांत कॉम्पोझिट निकामी होण्याचं प्रमाण चांदीच्या जवळजवळ दुप्पट निघालं, आणि कडेने पुन्हा कीड लागण्याचंही जास्त. हल्लीचा माल सुधारला आहे, चांगल्या हाताने केलेलं भरण पुष्कळ वर्षं जातं, हेही मला मान्य. पण 'हे जन्मभर टिकेल' असं जाऊबाईंना सांगितलं गेलं होतं, ते कशाच्या आधारावर?

चौथ्या गोष्टीविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण त्या जागेवर मी उभी राहिलेली आहे. पारा सर्वांत जास्त कधी सुटतो? भरताना आणि काढताना. म्हणजे पाऱ्याला घाबरून चांदी काढायला येणारा माणूस नेमका त्याच दिवशी सर्वांत जास्त पारा हुंगतो. नीट काढायची पद्धत आहे. रबर डॅम लावायचा. पाण्याचा फवारा सतत चालू ठेवायचा. मोठ्या नळीचं जोरदार सक्शन दाताला अगदी लागून धरायचं. चांदीचा भुगा करायचा नाही, कडेने चिरा पाडून तिचे मोठे तुकडे उचलून घ्यायचे. खोलीत हवा खेळती ठेवायची. जाऊबाईंनी सांगितलं ते असं : जिभेवर करडी कचकच, तोंडात लाळ ओढणारी बारीक नळी, मध्येच 'थुंका आजी', आणि एसीसाठी दारं-खिडक्या बंद.

ती खोली त्यांनी तासाभराने सोडली. पण ती नळी धरून उभी असलेली मुलगी? ती संध्याकाळपर्यंत तिथेच होती. दुसऱ्या दिवशीही तिथेच असणार. बारावी झालेली, कुठल्याशा वस्तीतून सिटी बसने येणारी, महिन्याच्या पगारावर दोन भावंडांची फी भरणारी मुलगी. तिच्या तोंडावर साधा निळा मास्क. त्या मास्कने थुंकीचे तुषार अडतात, पाऱ्याची वाफ अडत नाही. हे तिला कोणी सांगितलं आहे का? लग्न ठरलेल्या, दिवस गेलेल्या मुली त्याच खुर्चीशेजारी उभ्या असतात. गरोदर बाईच्या तोंडात चांदी नको म्हणून जगभरचे देश एकत्र बसून ठराव करतात, आणि इथे गरोदर असिस्टंट उकरलेल्या चांदीची वाफ हुंगत उभी. आमच्या काळी कोणाला कळत नव्हतं, असं म्हणून सुटता तरी येत होतं. तुम्हाला कळतं.

पाचवी गोष्ट, ते तुकडे जातात कुठे? इंदूरचा माणूस या बाबतीत शहाणा झालेला आहे. २०१७ पासून स्वच्छतेत आपलं शहर देशात वरच आहे आणि घरोघरच्या बायकांनी ते करून दाखवलं आहे. ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, ई-कचरा, असे सहा भाग करून आम्ही सकाळी गाडीत टाकतो. चुकीच्या डब्यात टाकलं तर गाडीवाला भैया ऐकवतो. आणि डॉक्टरसाहेब, निम्मा पारा असलेले तुकडे तुमच्या थुंकण्याच्या भांड्यातून सरळ नाल्यात! तिथून कान्ह नदीत, आणि कान्ह पुढे शिप्रेला जाऊन मिळते. कोणी ते पिवळ्या पिशवीत टाकतं. पण पिवळी पिशवी जाळायला जाते, म्हणजे पारा धुराड्यातून पुन्हा हवेत. आमच्या जुन्या दवाखान्यात घट्ट झाकणाची बरणी होती. उरलेली, काढलेली चांदी एक्स-रेची फिल्म धुवायच्या वापरलेल्या द्रावणात, म्हणजे फिक्सरमध्ये बुडवून तिच्यात ठेवायची. सराफ्यातला एक जण अधूनमधून विचारायला यायचा, वितळवून चांदी काढायला. डॉक्टर त्याला हाकलून द्यायचे, "बाबा, ते भट्टीवर ठेवशील तर आधी तूच मरशील." त्या काळी, कुठलेही नियम दाखवायला कोणी येत नसताना, एका साध्या दवाखान्याला एवढं जमत होतं. युरोपात २०१९ पासून पाण्यातून चांदीचे कण अडवणारं यंत्र खुर्चीला बसवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे एसी, पडदा, कॅमेरा सगळं आहे. मग हेच का नाही?

पैशाबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचे असले उपचार बसत नाहीत, त्यामुळे जो खर्च होतो तो पेन्शनमधून, नाहीतर ठेवी मोडून. 'ही सवलत रविवारपर्यंतच' असं साड्यांच्या सेलला शोभतं.

आता मंडळांच्या आणि संघांच्या पदाधिकाऱ्यांना दोन शब्द. सभागृह देण्यामागे तुमचा हेतू चांगला आहे, मला माहीत आहे. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यापर्यंत कोण नेणार, तर डॉक्टरच दाराशी आलेले बरे. पण गणपतीत आणि कोजागिरीला ज्या सभागृहात आम्ही डोळे मिटून बसतो, तिथे कोणी आलं की त्याच्यावरही डोळे मिटूनच विश्वास टाकला जातो. तो विश्वास मंडळाचा असतो, डॉक्टरांचा नव्हे. तो फुकट वाटायचा नसतो.

माझ्या मागण्या या आहेत.

शिबिराच्या पत्रकावरून 'पारे से मुक्ति' आणि तत्सम ओळी काढा. शिबिरात तपासणी करा, दात कसे घासावे ते दाखवा, कीड असेल तर सांगा. चांदी आहे एवढ्यावरून कोणालाही तारीख देऊ नका.

कोणतीही जुनी चांदी काढण्याआधी एक्स-रे काढा, आणि कोणत्या दाढेची चांदी कोणत्या कारणाने काढायची ते मराठीत किंवा हिंदीत एका कागदावर लिहून पेशंटच्या हातात द्या. ४६-४७ च्या पुढे 'उजवीकडची खालची दाढ' असंही लिहा. त्याच कागदावर पर्याय हवेत : तसंच ठेवणं, पॉलिश किंवा दुरुस्ती, ग्लास आयोनोमर (सिमेंटसारखं भरण), कॉम्पोझिट, कॅप, आणि प्रत्येकाचा खर्च. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे की उपचार कसला, कशासाठी, त्यातले धोके काय, दुसरे पर्याय कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे समजल्याशिवाय दिलेली संमती ही संमती नव्हे. 'आजी, इथे सही करा' याने ते होत नाही.

त्याच दिवशी पैसे घेऊ नका आणि मुदतीच्या सवलती देऊ नका. पेशंटला घरी जाऊन मुलाबाळांशी बोलू द्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू द्या.

चांदी काढायचीच असेल तर रबर डॅम, पाणी आणि मोठं सक्शन असल्याशिवाय काढू नका. ही सोय तुमच्याकडे नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पाठवा. असिस्टंट मुलींना पारा म्हणजे काय हे शिकवा, आणि ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतायत त्यांना या कामाजवळ उभं करू नका. यासाठी त्यांचा पगार कापायचा नाही, हेही लिहून ठेवते, कारण ते कापलं जाईल याची मला खात्री आहे.

उकरलेली चांदी बंद बरणीत साठवा, आणि शहरातल्या सगळ्या दवाखान्यांनी मिळून ती अधिकृतपणे उचलून न्यायची व्यवस्था लावा. एकट्या छोट्या दवाखान्याला हे महाग पडेल, म्हणून तुमच्या संघटनेनेच पुढाकार घ्यावा आणि महापालिकेशी बोलावं. आमची कचरागाडी जर सहा डबे ठेवू शकते, तर सातव्याची जागाही निघेल.

मंडळांनी सभागृह देण्याआधी या अटी लेखी मान्य करून घ्याव्यात. नाही केल्या तर सभागृह देऊ नये.

कार्यकारिणीची बैठक शिबिराच्या आधी आहे असं कळतं. या पत्राची प्रत मी कार्यालयात देते आहे. ती विषयपत्रिकेवर घ्यावी आणि ज्या डॉक्टरांचं शिबिर आहे त्यांनाही बोलवावं. मी येईन आणि त्यांच्या तोंडावर हेच विचारेन. शिबिर भरलंच, तर त्या दिवशी मी दाराशी एक टेबल मांडून बसणार आहे. चांदी काढायला सांगितलेल्या प्रत्येकाला एक छापील कागद देईन. त्यावर एवढंच असेल : माझी चांदी का काढायची, एक्स-रेमध्ये काय दिसलं, नाही काढली तर काय होईल, आणि काढलेले तुकडे कुठे टाकणार. उत्तरं डॉक्टरांनी त्यांच्या अक्षरात लिहावीत. पेन मी आणेन.

आपली,
एक निवृत्त दंत-सहायिका
सुदामा नगर, इंदूर